मैत्रिणीला निर्धास्त खाता यावा असा खाऊ: ओव्हनशिवाय, दूध-तुपाशिवाय

दोन वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजच्या ग्रुपमधल्या एका मैत्रिणीनं दूध-दुभतं पूर्ण सोडलं. त्यानंतरच्या एका रविवारी आम्ही सहा-सात जणी सांगलीत आमराईत भेटणार होतो, म्हणून मी खास तिच्यासाठी लाडू करून नेले. दाणे, गूळ, वेलदोडा, बाकी काही नाही. डबा उघडला, तिनं एक लाडू हातात घेतला, नाकाजवळ नेला आणि हळूच विचारलं, "वळताना हाताला काय लावलंस गं?"

तूप लावलं होतं. नेहमीच्या सवयीनं, वाटीतलं बोटभर. तिनं लाडू परत डब्यात ठेवला, काही बोलली नाही, आणि बाकीच्या जणी खात असताना पाणी पीत बसली. मला ते फार लागलं. त्या दिवसापासून मी हा खाऊ नीट शिकले, आणि आता आमच्या प्रत्येक भेटीला डबा मीच आणते. करायला अगदी सोपा आहे. अडचण कृतीत येत नाही. दूध आणि तूप आपल्या हाताला, भांड्याला आणि पाकिटाला इतकं चिकटलेलं असतं की ते दिसतच नाही, अडचण तिथे येते. म्हणून कृतीच्या आधी दोन-तीन गोष्टी सांगते. त्या वगळून थेट लाडवांकडे जाऊ नका.

१. आधी विचारून घ्या

"व्हीगन" म्हणजे प्राण्यापासून आलेलं काहीच नाही: दूध, दही, लोणी, तूप, खवा, पनीर, अंडं आणि मध. मध बहुतेक जण विसरतात. आपल्याकडे सगळ्यात जास्त घोटाळा उपवासाच्या पदार्थांशी होतो. काकू-मावश्या मोठ्या प्रेमानं म्हणतात, "अगं, उपवासाचं केलंय, तिला चालेल." उपवासाला दूध-तूप चालतं, व्हीगन माणसाला नाही. उलट चुरमुरे, पोहे व्हीगन माणसाला चालतात, पण उपवासाला नाहीत. चतुर्थीला भेट ठरली असेल तर दोन्ही बाजूंनी विचार करावा लागतो.

मैत्रिणीला किंवा मित्राला फोन करून तीन प्रश्न विचारा:

- मध चालतो का? (काही जण खातात. आपण मात्र गृहीत धरायचं नाही.)
- शेंगदाणे, काजू, बदाम, तीळ यांपैकी कशाची ॲलर्जी आहे का? हा प्रश्न डबा खाणाऱ्या प्रत्येकाला विचारा. खालच्या पहिल्या दोन कृतींचा जीव दाण्यात आणि सुक्या मेव्यात आहे.
- दूध तत्त्व म्हणून सोडलंय की त्रास होतो म्हणून? दुधाची ॲलर्जी असेल तर भांड्याला राहिलेला अंशसुद्धा त्रास देऊ शकतो. मग पाकिटावरची "दुधाचा अंश असू शकतो" ही ओळही तितकीच गंभीर होते.

२. पाकीट वाचायला शिका

हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका पाहून निश्चिंत होऊ नका. तो ठिपका पदार्थ शाकाहारी आहे एवढंच सांगतो. दूध, तूप, मध असलेल्या पदार्थांवरही तोच ठिपका असतो. व्हीगन पदार्थांसाठी एफएसएसएआयनं, म्हणजे अन्नसुरक्षा पाहणाऱ्या सरकारी संस्थेनं, 2022 साली वेगळे नियम आणले. त्यांचं चिन्ह हिरवं असून त्यात इंग्रजी व्ही अक्षर असतं. ते दिसलं तर उत्तम, पण आपल्या पेठेत अजून फार कमी पाकिटांवर दिसतं. म्हणून मागची बारीक अक्षरं वाचायचीच.

घटकांच्या यादीत हे शब्द शोधा: मिल्क सॉलिड्स, मिल्क पावडर, व्हे, केसीन, केसिनेट, लॅक्टोज, बटर, बटर ऑइल, घी, हनी. यादीच्या खाली बहुतेक वेळा "कंटेन्स" अशी ठळक ओळ असते आणि ॲलर्जी करणारे घटक तिथे लिहिलेले असतात. घाईत असाल तर निदान ती ओळ वाचा. फसवं नाव एकच, कोको बटर. नावात बटर असलं तरी ती कोकोच्या बीमधली चरबी आहे, दुधाशी तिचा संबंध नाही. ती चालते.

माझी स्वतःची चूक सांगते. एका दुकानात मी "डार्क" लिहिलेला चॉकलेटचा स्लॅब मागितला. दुकानदार म्हणाले, "डार्क आहे ताई, दूध नसतंय यात." मी विश्वास ठेवून घेतला. घरी येऊन पाकीट उलटं केलं तर मिल्क सॉलिड्स लिहिलेले. डार्क म्हणजे दुधाविना असं काही नसतं. बिस्किटांचंही तसंच. साध्यात साध्या वाटणाऱ्या बिस्किटातसुद्धा दूध असू शकतं, म्हणून चुरा करून वापरायचा विचार असेल तर आधी वाचा.

३. सामान

तिन्ही पदार्थ एकदम करणार असाल तर एवढं लागेल. पंधरा-वीस जणांना पुरतं.

- कच्चे शेंगदाणे 250 ग्रॅम
- बेदाणे 200 ग्रॅम
- मऊ काळा खजूर, बिया काढून 250 ग्रॅम
- काजू आणि बदाम मिळून 100 ग्रॅम
- सुक्या खोबऱ्याचा किस 100 ग्रॅम
- कोको पावडर 20 ग्रॅम (ड्रिंकिंग चॉकलेट नको, त्यात साखर असते आणि कधी कधी दुधाची पावडरही)
- दूध नसलेलं डार्क चॉकलेट 200 ग्रॅम
- साधे, बिनमसाल्याचे चुरमुरे 40 ग्रॅम
- वेलदोड्याची पूड, सुंठ, मीठ
- खाण्याचं खोबरेल तेल, दोन-तीन चमचे

खोबरेल तेलाबद्दल एक सूचना. घरात केसाला लावायची बाटली असते, तीच उचलू नका. ज्या बाटलीवर खाद्यतेल म्हणून लिहिलंय आणि एफएसएसएआयचा परवाना क्रमांक आहे तीच घ्या. थंडीत हे तेल गोठतं, 24 अंशांच्या आसपास. बाटली कोमट पाण्यात पाच मिनिटं उभी ठेवली की सुटतं. आपल्याला तुपाच्या जागी हेच वापरायचंय.

बेदाण्यावर मात्र जरा सविस्तर बोलते, कारण तो आपला आहे. सांगलीच्या बेदाण्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. तासगाव, मिरज, कवठे महांकाळ, जत या पट्ट्यातली द्राक्षं काढायची, पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवायची आणि शेडमधल्या जाळ्यांवर पसरून वाळवायची, असा तो तयार होतो. डिपिंगमुळे सालीवरचा मेणचट थर सुटतो आणि पाणी लवकर उडतं. पिवळाधमक रंग हवा असेल तर गंधकाची धुरी देतात. फेब्रुवारीपासून नवा माल यायला लागतो आणि मार्केट यार्डात सौदे सुरू होतात. लाडवासाठी मी पिवळ्याचा हट्ट धरत नाही. किंचित तपकिरी, बोटांनी दाबल्यावर चिकट लागणारा बेदाणा घ्या, लाडू त्यानंच धरतो. दिसायला सुंदर, पण कोरडा आणि कडक असलेला बेदाणा मिक्सरमध्ये नुसता उड्या मारतो.

सांगलीच्या गणपती पेठेत सुटा माल घेताना एक दाणा तोंडात टाकून बघायला मागा, कोणी नाही म्हणत नाही. दात लावताना खरखर लागली तर माती किंवा देठ आहेत, दुसरीकडचा घ्या.

४. भांडी आणि हात

मिक्सर, जाड बुडाची कढई, उलथनं, परात, किसणी, बटर पेपर आणि जमलं तर छोटा वजनकाटा. ओव्हन नको, साचे नकोत.

मिक्सरचं भांडं आदल्या दिवशी लस्सीला वापरलंय का, कढईत कालच तुपाची फोडणी झाली का, हे आठवा. गरम पाण्यानं आणि साबणानं सगळं पुन्हा धुवा आणि पूर्ण कोरडं करा. मिक्सरच्या झाकणाची रबरी रिंग काढून धुवा, तिच्या खाचेत दुधाचा साका बसलेला असतो. तुपाची वाटी ओट्यावरून उचलून कपाटात ठेवा. हे मी मनापासून सांगतेय, कारण हात विचार न करता तिकडे जातो. माझा गेला होता.

५. बेदाणा-दाण्याचे लाडू

पहिल्यांदा करत असाल तर फक्त हेच करा. यात साखर नाही, गूळसुद्धा नाही.

बेदाणे दोन पाण्यांतून चोळून धुवा आणि लगेच सुती फडक्यावर पसरा. भिजत घालू नका. पंख्याखाली दोन तास वाळू द्या आणि हातात घेऊन बघा. चिकट लागले पाहिजेत, ओले नाहीत. पाण्याचा अंश राहिला तर लाडू तिसऱ्या दिवशी आंबूस होतो. ही चूक फार जण करतात आणि दोष बेदाण्याला देतात.

शेंगदाणे मंद आचेवर भाजा. 250 ग्रॅमला बारा ते पंधरा मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ उलथनं हलतं ठेवावं लागतं. आच मोठी केली की साल काळी पडते आणि आत कच्चा वास राहतो. एक दाणा गार करून फोडा. आतून फिकट बदामी दिसला आणि कट्‌कन तुटला की गॅस बंद. परातीत काढा, पूर्ण गार होऊ द्या, मग तळहातांनी चोळून साल पाखडा. कोमट दाणे मिक्सरला लावले तर लगेच तेल सुटून लगदा होतो, म्हणून थांबा.

आता दाणे थांबून थांबून फिरवा. दोन सेकंद चालू, बंद, भांडं हलवा, परत चालू. रव्यापेक्षा जाडसर कूट झालं की काढून ठेवा. मग बेदाणे आणि मूठभर कूट एकत्र फिरवा. नुसते बेदाणे टाकले तर पात्याला चिकटून गोळा होतो आणि मोटर तापते. कूट सोबत असलं की ते सुटे राहतात.

दोन्ही परातीत घ्या. खोबऱ्याचा किस 50 ग्रॅम, वेलदोडा आणि सुंठ मिळून अर्धा चमचा आणि चिमूटभर मीठ घाला. मीठ विसरू नका, त्याशिवाय गोडी सपक लागते. आता तळव्यानं रगडा, कणीक मळतो तसं. पहिली दोन मिनिटं काहीच होत नाही, नुसता कोरडा चुरा. मग दाण्यातलं तेल हाताच्या उबेनं सुटायला लागतं, चुऱ्याचा रंग एक छटा गडद होतो आणि परातीच्या कडेला चिकटलेलं मिश्रण आपोआप सुटून गोळ्याकडे येतं. तिथे थांबा. मूठ आवळून उघडा. बोटांचे ठसे तसेच राहिले तर लाडू वळतील.

ठसे ढासळले तर चमचाभर खोबरेल तेल घालून पुन्हा रगडा. तरीही जमलं नाही तर दोन-तीन खजूर कुस्करून घाला. पाणी घालायचा मोह टाळा. फार चिकट झालं असेल तर खोबऱ्याचा किस वाढवा. साधारण हिशोब असा लक्षात ठेवा: दीड भाग कोरडं, एक भाग चिकट. हे प्रमाण जमलं की तीळ-खजूर, काजू-अंजीर असं तुम्हाला हवं ते करता येतं.

25 ग्रॅमचा एक असे वीस लाडू होतात. हाताला काही लावायची गरज पडत नाही, दाण्याचं तेल पुरतं. बंद डब्यात बाहेर आठ दिवस चांगले राहतात.

६. खजूर-कोको रोल

पाकिटावर बिया काढलेला खजूर असं लिहिलेलं असलं तरी प्रत्येक खजूर बोटांनी उघडून बघा. एक बी राहिली तर मिक्सरचं पातं जातं. खजूर मऊ हवा. खारीक चालत नाही, ती वाटतच नाही.

काजू-बदाम चाकूनं जाडसर चिरा. मिक्सरला लावू नका, कापल्यावर रोलमध्ये जे पांढरे-बदामी ठिपके दिसतात ते त्यामुळेच. कढईत दोन मिनिटं कोरडेच परता आणि काढा. त्याच कढईत एक चमचा खोबरेल तेल, त्यात मिक्सरमध्ये फिरवून कुस्करलेला खजूर, अगदी मंद आच. दोन-तीन मिनिटांत तो मऊ होऊन कढई सोडायला लागतो. गॅस बंद करून कोको चाळून घाला. चाळला नाही तर कडू गुठळ्या राहतात. मग काजू-बदाम, चिमूट मीठ.

हाताला सोसेल इतपत गार झालं की बटर पेपरवर घेऊन लांबट गुंडाळी करा, दोन बोटं जाडीची. उरलेल्या खोबऱ्याच्या किसात घोळवा, कागद घट्ट गुंडाळून दोन्ही टोकांना पीळ द्या आणि फ्रिजमध्ये दोन तास. धारदार सुरीनं बोटाच्या पेराएवढे तुकडे करा. प्रत्येक कापानंतर सुरी पुसायची. साधारण वीस तुकडे होतात. फ्रिजमध्ये दोन आठवडे टिकतात. वरून चांदीचा वर्ख लावायची हौस असते काहींना, ती इथे सोडा. जुन्या पद्धतीत तो जनावराच्या कातड्या-आतड्यांच्या थरांत कुटला जायचा, आणि व्हीगन मैत्रिणीच्या मनात ती शंका उगाच यायला नको.

७. चुरमुरे-चॉकलेट

भडंगाच्या गावात चुरमुरे नेहमी तिखटातच का, असं मनात आलं आणि हे करून बघितलं. आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यात आधी संपतं ते हेच.

चुरमुरे चाळून घ्या आणि कोरड्या कढईत पाच-सहा मिनिटं मंद आचेवर भाजा. एक चुरमुरा दोन बोटांत दाबला की चुरा झाला पाहिजे, दबून चपटा झाला तर अजून भाजा. पावसाळ्यात जास्त वेळ लागतो. पूर्ण गार करा.

चॉकलेटचे बारीक तुकडे एका कोरड्या स्टीलच्या पातेल्यात घ्या. दुसऱ्या पातेल्यात दोन बोटं पाणी गरम करा, उकळी यायच्या आत गॅस बंद करा आणि चॉकलेटचं पातेलं त्यावर ठेवा. वरच्या पातेल्याचा तळ पाण्याला टेकू नये. हळूहळू हलवत राहा. इथे सगळ्यात मोठा धोका पाण्याचा. ओला चमचा किंवा वाफेचा एक थेंब पडला तरी चॉकलेट क्षणात दाटून वाळूसारखं खरखरीत होतं. झालंच तर फेकू नका. गरम पाणी घालून पातळ करा आणि व्हीगन दूध (सोया, बदाम यांचं) वापरून कोको प्यायला वापरा. चुरमुऱ्यांसाठी मात्र ते कामाचं राहत नाही.

वितळलेल्या चॉकलेटमध्ये एक चमचा खोबरेल तेल, मग चुरमुरे. उलथन्यानं खालून वर हलक्या हातानं मिसळा. बटर पेपरवर एक बोट जाडीचा थर पसरा, वर मिठाचे चार कण आणि थोडे बेदाणे. फ्रिजमध्ये तासभर, मग हातानं तोडा. वेडेवाकडे तुकडेच छान दिसतात. आठवडाभर फ्रिजमध्ये राहतं.

एप्रिल-मे महिन्यात हे बाहेर न्यायचं असेल तर विचार करा. चॉकलेट 34 अंशांच्या आसपास वितळतं आणि आपला उन्हाळा त्याच्या कितीतरी पुढे जातो. त्या दिवसांत मी लाडू नेते. नोव्हेंबर ते मार्चमध्ये महाबळेश्वर-वाईची स्ट्रॉबेरी मिळते. चुरमुऱ्यांच्या आधी थोडं चॉकलेट बाजूला काढून त्यात धुऊन पूर्ण कोरड्या केलेल्या स्ट्रॉबेऱ्या बुडवा, पण त्या त्याच दिवशी संपवा.

८. डबा भरताना

तिन्ही पदार्थ एका डब्यात एकमेकांना टेकवून ठेवू नका. लाडवाचं तेल चुरमुऱ्यांना लागलं की ते मऊ पडतात. मध्ये बटर पेपर घाला किंवा वेगवेगळे डबे घ्या. डबा प्लॅस्टिकचा असेल आणि त्यात कधी पेढे, बर्फी ठेवली असेल तर तो नको, वास आणि तूप दोन्ही धरून बसतं. स्टीलचा सगळ्यात चांगला.

दुसऱ्या कोणी दुधाचा खाऊ आणलेला असेल तर तुमचा चमचा आणि डबा वेगळा ठेवा आणि वाढायच्या आधीच सगळ्यांना सांगा. नाहीतर बर्फीचा हात लाडवाच्या डब्यात येतो.

शेवटचं काम दोन मिनिटांचं. एका कागदावर पदार्थातला प्रत्येक घटक लिहा आणि झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा. माझ्या लाडवाच्या डब्यावर असं लिहिलेलं असतं: "शेंगदाणे, तासगावचा बेदाणा, सुकं खोबरं, वेलदोडा, सुंठ, मीठ. दूध, तूप, मध नाही. हाताला काही लावलेलं नाही. शनिवारी संध्याकाळी केलेले." पहिल्यांदा हा कागद वाचल्यावर माझ्या मैत्रिणीनं काही विचारलं नाही. दोन लाडू घेतले, आणि घरी न्यायला आणखी चार रुमालात बांधले.